पिठावरचं वारं

"त्यांचा दिवा गेला बघ," आई म्हणाली, तेव्हा मी नुकतीच ऑफिसातून येऊन चपला काढत होते.

"कुणाचा?"

"कुणाचा काय विचारतीस? ह्यांचा. पेटीचा."

पेटी म्हणजे आमच्या मागच्या खोलीतला सर्व्हर. नाव मोठं आहे, वस्तू साधी. मी ज्या कंपनीत काम करते तिथं मोडीत निघालेला एक जुना कॉम्प्युटर मी घरी आणला, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या आणि घरातले फोटो, कागदपत्रं, फाटकावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असं सगळं त्यावर साठवायची सोय केली. वायरी काढायला-घालायला बरं पडावं म्हणून एका बुटक्या स्टुलावर पेटीची पाठ खोलीकडं आणि तोंड भिंतीकडं करून ठेवलं होतं. पाठीमागं जिथं नेटची वायर शिरते, तिथं एक बारीक हिरवा दिवा असतो. माहितीची ये-जा चालू असली की तो लुकलुकतो.

मी खोलीत जाऊन पाहिलं. पेटी चालू होती, आतला पंखा घरघरत होता. हिरवा दिवा मात्र विझलेला. बाहेर टीव्हीवर 'सर्व्हर सापडत नाही' अशी पाटी आली होती. आईला अक्षर वाचता येत नाही, पण ही पाटी आपण कधी पाहिलेली नाही एवढं तिला कळलं होतं. ती टीव्हीपुढच्या सतरंजीवर रिमोट मांडीत घेऊन बसली होती. देवापुढं वात लावून झाली होती. रोज ह्याच वेळेला वडील यायचे.

वडिलांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

वडील सिल्लोडला एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातून सरकी वेगळी करतात, तिथं. हंगामात घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, मिशीत, कानांच्या पाळ्यांवर पांढरी रुई बसलेली असायची. लहानपणी मला वाटायचं, वडील कामावर जाऊन रोज म्हातारे होतात आणि आंघोळ केली की पुन्हा तरणे होतात. वरची रुई धुतली जायची. आतली राहिली. पुढं तिचाच दमा झाला.

माझं सगळं शिक्षण त्या रुईतून आलेलं आहे. पहिला कॉम्प्युटर मी पाहिला तोही जिनिंगच्या ऑफिसात. वडिलांनी तिथल्या मुनीमजींना विनवलं होतं, "पोरीला एकदा दाखवा फक्त. हात नाय लावायची ती." मी हात लावला. मुनीमजी रागावले नाहीत, वडील मात्र दारात उभे राहून घामेघूम झाले होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आज दिवसभर मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत बंद पडलेली यंत्रं सुरू करत असते, त्याचा मला पगार मिळतो, आणि अजूनही एखाद्या सर्व्हरला हात लावताना दारात कुणीतरी घाबरून उभं आहे असं वाटतं.

मला भाऊबहीण नाही. लग्नानंतर नवऱ्यानं आणि मी हर्सूलच्या पुढं, जळगाव रोडला लागून एक रो-हाऊस घेतलं. वडिलांचा दमा फार वाढला तेव्हा इलाजासाठी दोघांना इकडं आणलं. आई आली, पण मनाविरुद्ध. लेकीच्या घरी राहणं, लेकीचं खाणं आमच्याकडं बरं मानत नाहीत. आई-बाप लेकीकडं जेवले तरी काहीतरी घेऊन येतात, नाहीतर जाताना काहीतरी ठेवून जातात. पण राहायलाच आल्यावर काय करायचं? वडिलांनी तोड काढली. रोजची भाजी ते आणणार. दम लागायचा, तरी काठी टेकत कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाड्यापर्यंत जायचे आणि वाटेत दोन-तीनदा कुणाच्या तरी पायरीवर टेकत परत यायचे.

एकटे जातात म्हणून मी फाटकावर कॅमेरा लावला. ऑफिसात मला मोबाइलवर दिसायचं, ऐकूही यायचं. हे त्यांना सांगितलं, त्याच दिवशी त्यांनी फाटकात उभं राहून मान वर केली आणि पिशवी उघडून दाखवली.

"मॅडम, दिसतं का? मेथी हाय. पिवळं पान एक नाय बघा."

मग ते रोजचंच झालं. भाजी दाखवायची, श्वास पुरा करायला थांबायचं, "या लवकर" म्हणायचं आणि आत जायचं. मला मॅडम म्हणायचे ते चेष्टेनं, पण त्या चेष्टेत त्यांना फार सुख होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलींनाही ते ओळखीचे झाले होते. "आज काय भाजी?" असं त्या मला विचारायच्या.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कायमचं राहत नाही. जागा भरली की जुन्यावर नवं चढतं. वडील दवाखान्यातच गेले. तिथून त्यांना परस्पर गावी नेलं. सगळं कार्य आटोपून आम्ही शहरात परत आलो तोवर बरंच पुसलं गेलं होतं. उरलेल्यातून त्यांच्या येण्याचे तुकडे काढून मी एका वेगळ्या फोल्डरात ठेवले. थोडेच होते. एक मेथीचा, वांग्याचे दोनेक, एक दोडक्याचा. एका तुकड्यात पिशवी रिकामीच आहे. त्या दिवशी गाडा आला नसावा. ते कॅमेऱ्याकडं बघतात, काही बोलत नाहीत, पिशवी उलटी करून झटकून दाखवतात आणि आत जातात. तो मला बघवत नाही. आई तोही बघायची.

टीव्हीवर हे लावायची सोय मी आईसाठी केली. कोणतं बटण दाबायचं ते तिनं पोळी लाटायला शिकावं तसं हातानं शिकून घेतलं. वर्षश्राद्ध झालं की गावी जाईन म्हणायची, ते झालं तरी राहिली. शेजारच्या काकूंना एकदा ती सांगत होती ते माझ्या कानावर पडलं. "मी लेकीकडं कुठं राहते? ह्यांच्यापाशी राहते."

म्हणून दिवा गेला त्या शुक्रवारी मी घाईघाईनं पेटीपाशी बसले. बंद पडलेल्या गोष्टीत आधी सोपं तपासायचं, मग अवघड, हे मला शिकवलेलं आहे. राउटर बंद करून चालू केला. पेटीची वायर काढून पुन्हा बसवली. वायरच बदलली. राउटरच्या दुसऱ्या भोकात घालून पाहिली. माझा लॅपटॉप त्याच वायरीला जोडला तर त्याचा दिवा लगेच लागला, म्हणजे वायर बरी होती, राउटर बरा होता. मग पेटीला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला. पेटी जिवंत होती. डिस्क ठीक, फायली जागच्या जागी, वडिलांचं फोल्डरही तिथंच. फक्त नेटवर्क कार्ड आपल्याला वायरीतून काहीच ऐकू येत नाही असं सांगत होतं. आत सगळं होतं, बाहेर यायला वाट नव्हती.

मला हायसं वाटलं. मी तुकडे पेनड्राइव्हवर घेतले आणि आईला म्हटलं, "थांब, मी हे टीव्हीला मागून लावते. दिसतील आता."

तिनं माझ्या बोटांतल्या त्या एवढ्याशा पेनड्राइव्हकडं पाहिलं. "ह्याच्यात घातलं का तू त्यांला?"

"नक्कल आहे गं. तेच आहेत."

"नको. काढ ते." ती उठलीच. "ते आपल्या पायानं येत होते. असं मुठीत धरून आणायचं नाय."

माझा नवरा जेवायला बसला होता. वातावरण हलकं करावं म्हणून तो आईला म्हणाला, "मामी, मामा रुसले असतील. रोज तीच भाजी दाखवायची म्हणजे काय!"

एरवी ती त्याच्या बोलण्याला हसते. त्या दिवशी नाही हसली. "रुसून जाणारा माणूस नव्हता तो," म्हणाली. आणि ताट पुढं सारत माझ्याकडं वळली. "सोमवारी दुपारच्या एसटीनं जाते मी. गावाकडं घर हाय, दार हाय. ते इथं नायत तर मी कशाला लेकीच्या दारात?"

त्या घरात आता कुणी राहत नाही. पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते. तिला रात्री नीट दिसत नाही, गुडघे दुखतात. हे सगळं मी बोलून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि खुंटीवरची बॅग काढून दाराजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मला सुट्टी होती. सकाळी मी पेटी अंगणाच्या बाजूच्या उजेडात आणली आणि तिचं झाकण उघडलं.

कॉम्प्युटर उघडला की धूळ निघतेच. आमच्याकडची धूळ मातकट, करड्या रंगाची असते. ही पांढरी होती. पंख्याच्या पात्यांवर, वायरींच्या वळशांत, मागच्या जाळीच्या भोकाभोकांत बारीक पांढरा थर. मला क्षणभर रुईच वाटली. वडिलांच्या भुवयांवर असायची तशी. मी हात मागं घेतला. मग स्वतःवरच चिडून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. पीठ होतं. जोंधळ्याचं.

बॅटरी लावून मागच्या पोर्टात बघितलं. तिथं पीठ भिजून, वाळून, पुन्हा भिजून चिकटलं होतं. आतल्या सोनेरी तारा काळ्या-हिरव्या पडल्या होत्या.

आई उंबऱ्यात गवार मोडत बसली होती. मी विचारलं, "आई, ह्याच्यात पीठ कसं गेलं?"

तिचे हात थांबले. ती म्हणाली, "अवसेला ठेवते मी."

मला पुढं विचारावं लागलं नाही. माणूस गेलं की आमच्याकडं त्या जागी दिवा ठेवतात. दिव्यापाशी ताटात बारीक पीठ पसरतात आणि वर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून पिठावर काय उमटलं ते बघतात. पाखराचं पाऊल, मुंगीची वाट, काहीही. त्यावरून गेलेला जीव कशाच्या जन्माला गेला ते ठरतं. वडिलांच्या वेळी गावातल्या घरात हे सगळं केलं होतं.

"तिथं पीठ कोरंच राहिलं गं," आई सांगू लागली. "मुंगी फिरली नाय त्याच्यावर. बाया म्हणल्या, असू दे, होतं असं. पण मी म्हणलं, तिथं कशाला येतील ते? शेवटाला तर इथं झोपले, इथं खोकले. ह्या खोलीत. दवाखान्याला जाताना ह्या दारातून गेले. इथंच असतील."

"मग तू पेटीच्या मागं…"

"दिव्याखाली ताटली ठेवायची. तो रातभर जागाच असतो की. दुसरी वात लावली असती तर तू आग लागंल म्हणून वरडली असतीस."

"आणि सकाळी?"

"तू उठायच्या आधी वल्ल्या फडक्यानं पुसून घ्यायची. ताटली, स्टूल, पेटी, दिव्याचं भोक, समदं. नायतर तू हसली असतीस."

मी हसले असते की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

"काही दिसायचं का पिठावर?"

तिनं गवारीची शेंग धरूनच हवेत बोट फिरवलं. वर, खाली, वर, खाली. "पाऊल नाय. माणसाचं नाय, पाखराचं नाय. नुसत्या रेघा. पाण्यावर उठतात तशा. दर अवसेला. म्हणलं, हे अजून कशात गेले नायत. चालूच हायेत. इथल्या इथं फिरतेत."

सकाळचं ऊन होतं, रस्त्यावरून दूधवाल्याची गाडी गेली, आणि तरी मला त्या मागच्या खोलीकडं मान वळवावीशी वाटेना.

"ह्या पोळ्याच्या अवसेला बी होत्या," ती म्हणाली. "म्या पुसल्या. त्याच्यामागून दिवा गेला." मग तिनं शेंग खाली ठेवली. "मीच पुसून टाकलं का गं त्यांला?"

त्या रेघा कशाच्या ते मला तेव्हाच कळलं होतं. पंखा माझ्या समोरच होता. पण तिचा तो प्रश्न ऐकल्यावर माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पाणी गेलं आत, म्हणून दिवा गेला. मी नवीन बसवते."

"दिवा बसवशील," ती म्हणाली, आणि पुन्हा गवार मोडू लागली.

मी ब्रशनं पीठ झाडलं, स्पिरिटनं पोर्ट पुसला, वाळू दिला. पंख्याची पाती एकेक करून साफ केली. वायर लावून पाहिली. काही नाही. ते कार्ड मदरबोर्डवरच असतं, एकटं काढून बदलता येत नाही. पण खाली मोकळी खाच असते, तिच्यात वेगळं कार्ड बसवता येतं. दुपारी मी पैठण गेटाकडं गेले. तिथल्या ओळखीच्या दुकानदाराला मोबाइलवर त्या पोर्टाचा फोटो दाखवला. त्यानं तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"ये क्या है बाजी? चाय गिरी सो देखा मैं, चूहा मरा सो देखा. ये आटा है क्या?"

"हां भाई, आटाच है."

"कायको?"

"घर में बुजुर्ग हैं," एवढंच म्हटलं. तो हसणार होता, पण माझ्याकडं बघून थांबला आणि खणातून कार्डाचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. "लगा लो. चल जाएगा इन्शाल्ला."

रविवारी कार्ड खाचेत बसवलं, स्क्रू आवळला, वायर लावली, पेटी चालू केली. नव्या कार्डाचा दिवा लागला, आणि टीव्हीवर तरीही तीच पाटी. एवढं साधं काम मी ऑफिसात डोळे मिटून करते. मग ध्यानात आलं. नव्या कार्डाला पेटीनं नवं नाव दिलं होतं, आणि पत्ता अजून जुन्या नावावर लिहिलेला होता. गेलेल्याच्या नावानं निरोप धाडत राहावं तसं चाललं होतं. मी सेटिंगात जाऊन जुनं नाव खोडलं, तिथं नवं लिहिलं, आणि पेटी पुन्हा सुरू केली.

दिवेलागणीला आईनं वात लावली, सतरंजीवर बसली, बटणं दाबली. फाटक दिसलं. काठी दिसली. वडील आत आले, मान वर केली.

"मॅडम, दिसतं का? मेथी हाय."

मी आईकडं बघत होते. ती शेवटपर्यंत बघत राहिली. मग उठून मागच्या खोलीत गेली. मी तिच्या मागं गेले. ती पेटीपुढं वाकून उभी होती. जुन्या जागी अंधार होता. नवा दिवा वीतभर खाली लागला होता, आणि तो हिरवा नव्हता, नारिंगी होता.

"हा तो नव्हं," ती म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली आणि ताटलीत पीठ घेऊन आली. खाली बसली, तळहातानं ते सारखं केलं आणि ताटली माझ्याकडं सरकवली.

"तू शिकलेली हायेस. ह्यांनी शिकवली तुला. त्या रेघा कशाच्या होत्या? खरं सांग."

वडील असते तर ते दारात घामेघूम होऊन उभे राहिले असते. खरं सांगितलं तर तिनं त्यांना पुसलं नाही हे तिला कळणार होतं. पण मग ते तिथं कधी नव्हतेच, हेही कळणार होतं. आणि बॅग दाराजवळ होती. पण तिनं मला शिकलेली म्हणून विचारलं होतं. त्या शिक्षणाच्या तोंडून तिला खोटं सांगणं मला जमलं नसतं.

मी पेटी बंद केली. ताटली नेहमी ती ठेवायची तिथं, पेटीच्या पाठीशी ठेवली. पीठ कोरं होतं. मग पेटी चालू केली. पंखा आधी जोरात फिरला, मग संथ झाला. पिठावर आधी काही दिसेना. थोड्या वेळानं एक बारीक घडी उठली, तिच्यामागं दुसरी. आई गुडघे दुमडून बघत होती. रेघा हळूहळू ताटलीभर पसरल्या. कुणी अंगावरचं पांघरूण ओढून घ्यावं तशा.

"ह्याच," ती पुटपुटली.

"वारं आहे, आई. आतला पंखा गरम हवा मागून बाहेर टाकतो. त्या वाऱ्यानं उठतात."

मग तिनं विचारलं, "रातभर चालतो व्हय?"

"चालतो. थांबला की पेटी तापते. बंद पडते."

"तसंच की मग." तिनं पदर सावरला. "ह्यांला बी वारं लागायचंच. लाईट गेली की उठून बसायचे. म्या रातरातभर पुट्ठ्यानं घातलंय वारं. तुला काय सांगायचं."

आणि तिनं तळहात पेटीच्या मागं, जाळीसमोर धरला. तसाच धरून ठेवला.

"गरम हाय," ती म्हणाली. "बघ की."

इतकी वर्षं मी यंत्रांबरोबर काम करते, पण असा हात कधी धरला नव्हता. मी तिच्या हाताशेजारी माझा हात धरला. मंद, ऊबदार, एकसारखा वारा येत होता. आजारपणात वडिलांच्या नाकाशी बोट धरून बघायचो, तेव्हा लागायचा तसा. मला ठाऊक होतं तो कशाचा आहे. तरी हात मागं घ्यायला मला वेळ लागला.

रात्री झोपताना बॅग दाराजवळच होती.

सोमवारी मी रजा टाकते म्हटलं तर तिनं टाकू दिली नाही. "माझ्यापायी खाडा नको. एसटीचा थांबा चार पावलांवर हाय, मी जाईन माझी माझी." ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. दुपारी मोबाइल थरथरला. फाटकावर कुणीतरी हललं होतं. उघडून पाहिलं तर आईची पाठ. डोक्यावर पदर, हातात काहीतरी. बॅग आहे का पिशवी, मोबाइलच्या पडद्यावर कळेना. ती फाटक ओढून घेऊन रस्त्याकडं गेली. मी तिला फोन लावला. वाजत राहिला. ती बाहेर जाताना फोन घरीच ठेवते.

मग मी रिकाम्या फाटकाकडं बघत बसले. समोर कंपनीचं काम पडलं होतं. फाटकासमोरून कुत्रं गेलं. कुणाची तरी स्कूटर गेली. सिल्लोडची एसटी गेली असेल, कॅमेऱ्यात मोठा रस्ता येत नाही. शेजारच्या मुलीनं विचारलं, "काय झालं?" मी मान हलवली.

संध्याकाळी मोबाइल पुन्हा थरथरला. आई फाटकात आली होती. आली ती सरळ आत गेली नाही. फरशीचा एक कोपरा तिथं तुटलेला आहे, वडील नेहमी त्याच्यावर काठी टेकून उभे राहायचे. ती बरोबर तिथं थांबली. आजवर तिनं कॅमेऱ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. तिनं मान वर केली, कॅमेरा शोधला आणि हातातली पिशवी दोन्ही हातांनी उघडली.

"दिसतं का? अंबाडी हाय. लई कोवळी मिळाली."

ती थांबली. चालून आल्यानं तिला धाप लागली होती. छाती खालीवर होताना दिसत होती. श्वास पुरा होईतोवर ती तशीच कॅमेऱ्याकडं बघत राहिली.

"या लवकर, मॅडम," ती म्हणाली. मला आयुष्यात तिनं कधी मॅडम म्हटलं नव्हतं. मग पिशवी मिटून ती आत गेली आणि फाटक पुन्हा रिकामं झालं.

शेजारच्या मुलीनं सवयीनं विचारलं, "काय भाजी आज?" आणि लगेच जीभ चावली.

"अंबाडी," मी म्हटलं.

घरी पोचले तेव्हा दारापाशी बॅग नव्हती, खुंटीवर होती. अंबाडी शिजल्याचा आंबट वास घरभर होता. आई सतरंजीवर बसली होती आणि टीव्हीवर वडील रिकामी पिशवी झटकून दाखवत होते. "बस," आई म्हणाली. मी तिच्याजवळ बसले आणि पहिल्यांदा तो तुकडा शेवटपर्यंत पाहिला.

पण त्याआधी, ऑफिसातून निघायच्या आधीच, मी एक गोष्ट करून ठेवली होती. ऑफिसातूनच पेटीत शिरून आईचा तो तुकडा कापून काढला, नवं त्याच्यावर चढायच्या आत. वडिलांच्या फोल्डरात तो ठेवायला हात धजेना. शेजारी एक फोल्डर उघडलं. नाव विचारलं गेलं, ते मी दिलं नाही. ते अजून 'नवीन फोल्डर' म्हणूनच आहे. आई रोज फाटकात थांबते, भाजी दाखवते, आणि मी रोज एक तुकडा त्यात टाकते. त्यातला एकही मी अजून लावून पाहिलेला नाही.